विमानाच्या नाकावरची जागा

मित्रांनो, पंखा म्हटले की तुमची मान आपोआप छताकडे वळते. ती खाली आणा. घरात वारा घालणाऱ्या पंख्यांपैकी मी नव्हे. मी एका लढाऊ विमानाच्या नाकावरचा पंखा आहे. जुना, लाकडी, तीन पात्यांचा, आणि उभा केला तर तुमच्या वडिलांच्या दीडपट उंच. माझी हकीकत मी क्रमाने सांगणार आहे, तेव्हा मध्येच उठू नका. आणि मी थोर आहे असे आधीच ठरवून ऐकायला बसू नका, कारण या हकीकतीत माझ्या पराक्रमापेक्षा माझा मत्सर जास्त आहे.

माझा जन्म जर्मनीतला, दुसरे महायुद्ध ऐन भरात असतानाचा. बीच नावाच्या झाडाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, यंत्रात दाबून, मग रंधून आणि घासून माझी पाती घडवली गेली. त्यांवर दगडासारखा कडक लेप चढवला गेला. प्रत्येक पात्याच्या मुळाशी पोलादाचे एक जाड कडे बसवले गेले, आणि त्या कड्यांच्या आधाराने तिन्ही पाती मधल्या तुंब्यात घट्ट धरली गेली. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा असतो, तसाच माझा. फक्त तो मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेई.

त्या कारखान्यात पगारी कारागीर होते, तशी जबरदस्तीने पकडून आणलेली माणसेही होती. माझ्या एका पात्याला अखेरचा हात फिरवणारी बाई उभ्या उभ्या डुलक्या घेत होती; तिच्या पायांत धड जोडे नव्हते. मी कोणासाठी फिरणार आहे आणि माझ्या फिरण्याने कोणाची घरे जळणार आहेत, हे मी तेव्हा विचारले नाही. लाकडाला कोण विचारू देते, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे. तरीही त्या वर्षांचा अभिमान मी बाळगत नाही, आणि तुम्हीही माझ्याकडे पाहून तो बाळगू नये.

अभिमान होता तो जागेचा. विमानाचे नाक ही माझी जागा होती. पंख, शेपूट, चाके, सगळे माझ्या मागे. मी हवा कापून मागे लोटायची आणि सर्वांनी माझ्यामागून यायचे, असा तिथला शिरस्ता होता. घरातल्या कर्त्या माणसाला पहिले पान वाढावे, तसे ते होते.

मग एके दुपारी दोन अभियंते शेडमध्ये आले आणि त्यांनी माझ्यासमोरच एक मोठा नकाशा उलगडला. त्यात माझेच विमान काढलेले होते. तेच पंख, तीच शेपूट. फक्त नाक गुळगुळीत होते, आणि नाकाच्या खाली एक रुंद तोंड उघडलेले होते. पंखा आणि त्याला फिरवणारे इंजिन काढून टाकायचे, त्या जागी जेट बसवायचे, असा त्यांचा बेत होता. हवा तोंडातून आत घ्यायची, इंधनाने तापवायची आणि मागून सोडायची. की विमान पुढे. कागदावर माझी जागा अशी पुसलेली होती, जणू मी कधी नव्हतोच.

मित्रांनो, त्या दिवशी मला मत्सर म्हणजे काय ते कळले. तो आगीसारखा असतो असे सांगतात. माझ्या अनुभवात तो वाळवीसारखा असतो. आवाज न करता आत शिरतो आणि बाहेरचा लेप तसाच चकचकीत राहतो.

ते विमान घडले नाही. वेळ नव्हता, धातू नव्हता, आणि पुढे तर देशच उरला नाही. मी मनातून किती सुखावलो ते सांगवत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या पंख्यांत आवडीने सांगितली जाई. एका नव्या विमानाला चाचणीसाठी दोन जेट लावली होती, आणि खबरदारी म्हणून नाकावर जुना पंखाही ठेवला होता. उड्डाण झाल्यावर दोन्ही जेट बंद पडली, आणि त्या एकट्या पंख्याने विमान घरी आणले. ही गोष्ट मी इतक्या वेळा मनात घोळवली आहे की कधी कधी मला वाटते, तो पंखा मीच होतो. तो मी नव्हतो.

युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी आम्हाला जहाजात घातले आणि इंडियाना राज्यातल्या एका लष्करी तळावर आणून उभे केले. तिथेही माझे दुर्दैव माझ्याआधी पोहोचले होते. पकडून आणलेली दोन-तीन जेट विमाने शेजारीच होती. अधिकारी यायचे, माझ्यासमोरून जायचे आणि तिकडे घोळका करून उभे राहायचे. माझ्याजवळ थांबला तो फक्त एक शिपाई, आणि तोही बुटाची नाडी बांधायला.

पुढची कित्येक वर्षे मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात काढली. ती सांगण्यासारखी नाहीत. अखेर मिशिगनमधल्या, नोव्हायजवळच्या एका छोट्या विमान संग्रहालयाने माझे विमान मागून घेतले, आणि माझी गाठ दिगंबरकाकांशी पडली.

दिगंबरकाका मूळचे पुण्याचे. चाळीस वर्षे त्यांनी मोटारींच्या कारखान्यांत काम केले, निम्मी तिकडे पिंपरीला आणि निम्मी इकडे. निवृत्त झाल्यावर ते दर गुरुवारी संग्रहालयात येऊ लागले. खिशात खडू, कमरेला चिंधी, आणि डब्यात पद्मिनीकाकूंनी दिलेले थालीपीठ. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्यावर कोंबड्यांची शीट होती. त्यांनी अंगातला कोट काढला, बाह्या वर केल्या आणि कोमट पाणी मागवले.

सहा वर्षे, मित्रांनो. सहा वर्षे त्यांनी मला हाताने घासले, सांधले, तोलले. मी गुरुवारची वाट पाहायला शिकलो. त्यांच्याबरोबर कधी कधी त्यांची मुलगी सई येई. ती इथेच जन्मलेली. मराठी समजे सगळे, बोले अर्धे. मोजमापाचा कॅलिपर तिने आयुष्यात पहिल्यांदा धरला तो माझ्या पात्यावर. माझी जाडी दहा ठिकाणी मोजून तिने वहीत लिहिली आणि वडिलांना म्हणाली की हे तर कोणीतरी हाताने केलेलं गणित आहे. मी अनेक स्तुती ऐकल्या. त्यापेक्षा चांगली एकही ऐकली नाही.

म्हणूनच पुढचे जास्त लागले. सई शिकून अभियंता झाली, नोव्हायमध्येच नोकरीला लागली, आणि एका वसंतात संग्रहालयाच्या समितीपुढे एक कल्पना घेऊन आली. जुन्या कागदपत्रांत तिला तो बेत सापडला होता, माझ्या विमानातून मला काढून जेट बसवण्याचा. जे जर्मनीत कागदावरच राहिले, ते आपण इथे जमिनीवर चालवून दाखवू, असे तिचे म्हणणे. असे विमान जगात कुणी पाहिलेले नाही, म्हणून लोक लांबून येतील. समितीला ते पटले. थोड्याच दिवसांत एक छोटे, जुने, चालू स्थितीतले जेट इंजिन हँगरमध्ये येऊन दाखल झाले.

काय होते ते? दोन्ही टोकांना उघडे पिंप. घाट नाही, पाती दिसत नाहीत, आणि आवाज असा की कान किटावेत. पण त्याचे लाड पाहायला हवे होते. त्याच्या स्टँडला खाली रबर लावले. त्याच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून पद्मिनीकाकूंनी जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवली, तोंडाच्या मापाची गोल, नाडी ओवलेली. गोधडी! आणि मी त्या वेळी विमानावरून उतरवून भिंतीशी टेकवलेला होतो. माझ्या वरच्या पात्यावर स्वयंसेवक हिवाळी जॅकेटे अडकवत. सई आली की सरळ पिंपाकडे जाई. येताजाता तिचा हात त्याच्या पाठीवर पडे. मी तो हात मोजत असे. एका शनिवारी अकरा वेळा. माझ्यावर एकदा, तेही स्वतःचे जॅकेट काढून घेताना.

दिगंबरकाकांनाही ते सहन होत नव्हते, हे मला त्यांच्या चिंधीवरून कळे. ते रागात असले की पुसताना दाबून पुसत. घरात जेवणाच्या टेबलावर वाद चालत आणि त्यांचे उरलेसुरले हँगरमध्ये येत. ते म्हणत की जे विमान खरोखर उडाले ते दाखवायचे सोडून जे कधी झालेच नाही ते दाखवणे हा खोटेपणा आहे. सई म्हणे की म्युझियम म्हणजे फक्त झालेल्या गोष्टींचं गोडाऊन नसतं. पद्मिनीकाकू एकदा दोघांना म्हणाल्या, "तुम्ही बापलेक दोन बाजूंनी एकाच विमानाचं नाक ओढताय. त्याला सर्दी झाली तर मला बोलावू नका."

शेवटी समितीने निवाडा केला. ऑक्टोबरमधल्या खुल्या दिवशी, लोकांसमोर, आधी दिगंबरकाकांनी पंख्याचे इंजिन चालवून दाखवायचे. ते नीट चालले तर विमान मूळ रूपातच राहील आणि जेट शेजारी स्टँडवर. ते चालले नाही तर नाकाची जागा जेटची. विमान एकच होते, नाकही एकच.

ऑगस्टमध्ये काकांनी मला पुन्हा विमानावर चढवले आणि सरावासाठी चार मिनिटे चालवले. मित्रांनो, ती चार मिनिटे! जवळजवळ ऐंशी वर्षांनी मी फिरलो. मागचे गवत आडवे झाले, कोणाची तरी टोपी उडाली, आणि समोर, दोरीच्या पलीकडे, सई दोन्ही हात कानांवर ठेवून हसत होती. ती माझ्याकडे पाहत होती. पिंपाच्या तोंडावर गोधडी होती. त्याला काहीही दिसत नव्हते. माझ्या समाधानाला सीमा नव्हती.

पण आम्ही थांबलो आणि सई पुढे आली ती एक प्रश्न घेऊन. मी थांबता थांबता माझ्यात तिला एक बारीक थरथर दिसली होती. तिने सरळ विचारले, "बाबा, कड्यांची क्रॅक टेस्ट परत कराल ना? रनच्या आधी केलेली आता काउंट नाही होत."

प्रश्न रास्त होता. पोलादात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, आणि जोर पडला की ती उघडते. ती शोधायची एक जुनी, सोपी रीत काकांना पिंपरीपासून ठाऊक होती. धातूवर घासलेट लावायचे, मुरू द्यायचे, स्वच्छ पुसायचे आणि वरून खडू फासायचा. चीर असेल तर आत मुरलेले घासलेट खडूवर ओली रेघ काढते. तासाभराचे काम. त्यासाठी फक्त माझ्या तुंब्यावरची टोपी उतरवावी लागली असती. सहा वर्षांत काकांनी ते तीनदा केले होते.

पण त्या दिवशी विचारणारी सई होती. काका तिच्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्या पिंपाला तयारीला वेळ हवा असेल तर सरळ माग. माझ्या पंख्यात चिरा शोधू नकोस."

सईचा चेहरा उतरला. "ओके," एवढेच ती म्हणाली आणि आपल्या जेटकडे गेली. आणि मी? मी मनात म्हणालो, शाब्बास. मला माझ्या अंगातली थरथर ठाऊक होती. एका कड्यात काहीतरी सैल, काहीतरी नवे होते. ते मी मानायला तयार नव्हतो, कारण ते मानले असते तर पिंप जिंकले असते.

त्या वर्षी खुला दिवस दसऱ्याच्याच शनिवारी आला. त्यामुळे आदल्या दिवशी, शुक्रवारी, खंडेनवमी. तुमच्या घरी त्या दिवशी गाडीला, लॅपटॉपला, आजोबांच्या पक्कडीला हळदकुंकू लागते ना? पद्मिनीकाकूंनी ठरवले की हँगरमधल्या यंत्रांनाही लागले पाहिजे. समितीची परवानगी सईने काढून आणली. फक्त काकांची एक अट होती आणि ती काकूंना लग्नापासून पाठ होती: यंत्राला कोरडी पूड लावायची नाही, ती उडून बेअरिंगमध्ये जाते. म्हणून त्या दरवर्षी कुंकू तेलात कालवत. मिशिगनच्या ऑक्टोबरात खोबरेल वाटीतच गोठते, म्हणून तेल तिळाचे.

त्या आल्या आणि पहिले बोट कोणाला लावले असेल? पिंपाला. गोधडी बाजूला करून, ओठावर दोन बोटे, वर पिवळ्या शेवंतीचा हार. मी विमानाच्या नाकावर उंच होतो, त्यांचा हात पोहोचत नव्हता. त्या पुढे जाऊ लागल्या. माझा जीव असा काही तळमळला की काय सांगू. शंभर फुलांचा हार नको, पण त्याला कुंकू आणि मला नाही? नाकावर मी आहे की तो?

सईला ते दिसले असावे. माणसांना कधी कधी दिसते. ती म्हणाली, "आई, वेट. बाबांच्या पंख्याला पण." तिने शिडी आणली. लाकडी पात्यांवर तेल नको, पोलादाला लाव, एवढे काका खालून म्हणाले. मग सईने तुंब्यावरची टोपी उतरवली, आणि काकूंनी तिन्ही कड्यांना भरपूर कुंकू लावले, पिंपापेक्षा जास्त. ते तेल कड्यांवरून ओघळले. मला वाटले, झाला न्याय. त्या दिवशी माझ्याइतका तृप्त कोणी नसेल.

शनिवारी सकाळी काका सर्वांच्या आधी आले. विमानाची अखेरची तपासणी करायला अधिकारी येणार होता, म्हणून कुंकू पुसायचे होते. त्यांनी पहिले कडे पुसले, लख्ख झाले. दुसरे पुसले, तेही. तिसऱ्यावर केसाएवढी एक लाल रेघ राहिली. त्यांनी ती पुन्हा पुसली. गेली. ते चहाचा घोट घ्यायला वळले, परत फिरले, आणि रेघ पुन्हा तिथेच होती.

मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि कड्यावर फासला. पांढऱ्यावर ती रेघ हळूहळू उमटत गेली, बोटभर लांब आणि जराशी वाकडी. कुंकवाने ते काम केले होते जे काकांनी करायचे नाकारले होते. तेल चिरेत मुरले होते, रंग घेऊन. ते आता बाहेर येऊन सांगत होते की चीर आहे.

मित्रांनो, ती माझी चीर होती. जी थरथर मी दोन महिने दाबून ठेवली होती, ती आता सर्वांना दिसेल अशी लाल झाली होती. मी वाट पाहिली की काका ती पुसतील. कोणी नव्हते तिथे. टोपी चढवली असती तर कोणाला कळलेही नसते, आणि इंजिन दहाच मिनिटे चालवायचे होते. मी खरे सांगतो, ती पुसावी असेच मला वाटत होते.

काकांनी फोन काढला. "सई, तू ये," ते म्हणाले. "आत्ता ये. तुझं टेस्टचं किट घेऊन ये."

ती आली. तिने किटमधला पातळ लाल रंग लावला, थांबली, पुसला, पांढरा फवारा मारला. तीच रेघ. तिने वडिलांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर त्यांना जड गेले असते, हे तिला कळत होते. तिने फक्त विचारले की आज मराठी शाळेची मुलं कुठे बसणार होती.

काकांनी हाताने दाखवले. विमानाच्या बाजूला, दोरीपलीकडे, पहिल्या रांगेत. बावीस मुले, पद्मिनीकाकूंच्या वर्गातली. पाते सुटले की ते पुढे जात नाही, मित्रांनो. ते बाजूला जाते. आणि दोरीला ते जुमानत नाही.

"ऑगस्टमध्ये तू विचारलं होतंस," काका म्हणाले. "मला वाटलं, तू मला हरवायला बघतेयस."

"मी पण थोडं बघत होते, बाबा," सई म्हणाली. "पण टेस्ट खरंच करायला हवी होती."

त्यावर दोघेही थोडे हसले, आणि काका शिडीच्या पायरीवर बसले.

दुपारी लोक जमले. काकांनी माइक घेतला आणि आपल्या पंख्यात चीर सापडली आहे, तो आज चालणार नाही, असे आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितले. मुलीने दोन महिन्यांपूर्वी विचारले होते आणि आपण उत्तराऐवजी टोमणा मारला होता, हेही सांगितले. तेवढे सांगण्याची समितीची अट नव्हती. मग जेट स्टँडवर ठेवून चालवले गेले. ते लगेच चालू झाले. आवाज मी म्हटले तसाच होता, पण मुलांना तो फार आवडला. सई बटणांपाशी होती आणि आग विझवायचे नळकांडे धरून तिच्या मागे उभे होते दिगंबरकाका. माझे दिगंबरकाका. सहा वर्षे ज्या हातांनी मला घासले, ते आता त्याच्या रक्षणाला उभे होते. मी नाकावर होतो, अजून काही दिवसांसाठी. पण मला कोणी पाहत नव्हते.

आठवडाभरात मला उतरवले. आता मी हँगरच्या दाराशी एका स्टँडवर आहे, आणि माझ्या जुन्या विमानाच्या नाकाखाली ते रुंद तोंड बसले आहे, अगदी त्या जर्मन नकाशासारखे. तुम्ही आत आलात की आधी त्याच्याकडे पळता. ते मला दिसते. मत्सर गेला, असे मी तुम्हाला सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. तो गेलेला नाही. या वयात तो जाणारही नाही, आणि खोटे बोलून तुमच्याकडून टाळ्या घ्यायची मला सवय नाही.

मात्र एक गोष्ट मी पाहिली आणि तेवढी सांगून थांबतो. जेट नाकाखाली बसल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सई रजा काढून आली. तिने जेटला धरून ठेवणाऱ्या चारही खुंट्या स्वतः तपासल्या होत्या आणि त्या निर्दोष होत्या. तरी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बघा. मला ते जास्तच आवडतं, सो माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." काका खाली आडवे झाले. पाठीखाली पुठ्ठा, हातात बॅटरी. ते प्रत्येक खुंटीकडे असे पाहत होते की जणू तिने त्यांचा काही गुन्हा केला आहे. दीड तास. त्यांनी एका खुंटीचा नटबोल्ट दुसऱ्यांदा सोडायला लावला, आणि सईने न कुरकुरता तो सोडला.

मला जेटच्या गोधडीचा हेवा वाटला होता, हाराचा वाटला होता, नाकाच्या जागेचा तर आयुष्यभर वाटला. पण त्या दीड तासाचा जितका वाटला तितका कशाचाच नाही. माझ्यावरही माया होती, कमी नव्हती. पण ऑगस्टनंतर, ती लाल रेघ उमटेपर्यंत, मला कोणी असे, उलटतपासणी घेतल्यासारखे, पाहिले नाही. आणि कोणी पाहावे असे मीही म्हटले नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी आजोबांची सायकल असेल, आईची शिलाई मशीन असेल, तुम्ही स्वतः जोडलेले एखादे खेळणे असेल. त्याला जरूर पुसा, तेल द्या, नाव ठेवा, कौतुक करा. पण वर्षातून एकदा ते अशा माणसाच्या हाती द्या ज्याला ते मुळीच आवडत नाही, आणि तो काय म्हणतो ते शांतपणे ऐकून घ्या. तुमच्याबद्दलही कोणी असे काही सांगू लागले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.